बैलाचे इंजेक्शन, गिधाड आणि कुत्र्याचा चावा

"डॉक्टरसाहेब, आमच्या काळी गावात एवढी कुत्री नव्हती," कुत्रा चावलेल्या नातवाला घेऊन आलेले एक आजोबा मला म्हणाले. कुत्री वाढण्याची कारणे अनेक आहेत. त्यातल्या एका कारणाचा इतिहास मात्र तुमच्या-माझ्या घरातल्या एका औषधाशी जोडलेला आहे.

माझ्या लहानपणी यवतमाळ जिल्ह्यात गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की थोड्या वेळात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत. थवा उतरला की बघता बघता फक्त सांगाडा उरे. आम्हा मुलांना किळस यायची, पण गावाची ती फुकटची साफसफाई होती. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बरेचसे रोगजंतू तिथेच मरतात.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक माणसांसाठी १९७०च्या दशकात आले. सांधेदुखी, कंबरदुखीसाठी आजही आम्ही ते लिहून देतो. १९९०च्या दशकात ते स्वस्त झाले आणि भारतात जनावरांनाही दिले जाऊ लागले. लंगडणारा बैल किंवा कास सुजलेली गाय एका इंजेक्शनने उभी राही. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या शेतकऱ्याने ते मायेपोटीच दिले. त्यात त्याची काय चूक?

त्याच दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे मरताना दिसली. कारण उलगडले २००४ मध्ये. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून सिद्ध झाले, की औषध दिलेले जनावर लवकर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर गिधाडाची किडनी निकामी होते. युरिक ॲसिड शरीरातल्या अवयवांवर पांढऱ्या थरासारखे साचते. शंभरात एखाद्याच मृत जनावरात औषध असले, तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसे होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली.

मेलेली जनावरे मात्र पडतच राहिली. ती कुत्र्यांच्या वाट्याला आली, सडून पाण्यात मिसळली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये अंदाज मांडला, की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे जादा दगावली. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण एका पक्ष्याचा आणि आपल्या तब्येतीचा संबंध किती जवळचा आहे, हे त्यातून कळते.

२००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित झाली. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भात, ताडोबा आणि पेंचमध्ये, पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे आणण्यात आली.

आता तुमच्या-माझ्या हातातले. जनावराचे दुखणे अंगावर काढू नका, त्यालाही आराम हवाच. पण माणसाची गोळी किंवा इंजेक्शन गोठ्यात नेऊ नका. पशुवैद्यकांना विचारा, मेलॉक्सिकॅम हे गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले औषध उपलब्ध आहे.

आणि कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि रेबीज लसीचे सर्व डोस वेळेवर पूर्ण करा. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र तो हमखास टाळता येतो. त्या आजोबांचा नातू सगळे डोस घेऊन आज ठणठणीत आहे.