जपानी हिरवा चहा : भेटीदाखल आलेल्या डब्याची ओळख

जपानी हिरवा चहा : कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाची पाने खुडल्याबरोबर वाफवून, वळून आणि वाळवून केलेला, न आंबवलेला चहा. आसामचा काळा चहाही याच झुडपाचा. फरक झाडाचा कमी आणि पानावर होणाऱ्या संस्कारांचा जास्त.

हिंगोली जिल्ह्यात हा चहा आला तर बहुधा भेट म्हणूनच येतो. टोकियोच्या एदोगावा विभागात निशी-कासाई भागात भारतीय संगणक अभियंत्यांची मोठी वस्ती आहे, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. पुण्यात जपानी शिकून तिकडे नोकरीला गेलेली मुले सुट्टीत घरी येताना असे डबे आणतात. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. जगातल्या अशा वेधशाळांमध्ये जपानची कागराही आहे, त्यामुळे या तालुक्याचा जपानशी संबंध पुढे वाढेल असे मानायला जागा आहे. कागरा ज्या गिफू प्रांतात डोंगराच्या पोटात बसवली आहे, त्या प्रांतात शिराकावा आणि इबी हे चहा पिकतात.

भेट आलेल्या डब्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. मग तो एक तर काचेच्या कपाटात शोभेला राहतो, नाही तर दूध, साखर, आले घालून उकळला जातो. दोन्हींत चहा वाया जातो. जपानी चहाच्या प्रत्येक प्रकाराला लागणारे पाणी वेगळे असते, म्हणून ओळख आधी आणि आधण नंतर, हा क्रम महत्त्वाचा. ही ओळख घरच्या घरी, जपानी न येताही बऱ्यापैकी पटवता येते.

मुळात तो चहा आहे का, हे आधी पाहावे. जपानमध्ये चहा म्हणून प्यायल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तूंत चहाचे पान नसते. मुगिचा म्हणजे भाजलेले जव. दाणे किंवा मोठ्या पुड्या, रंग तपकिरी, वास भाजक्या धान्याचा. सोबाचा हे भाजलेल्या कुट्टूचे दाणे. कोंबुचा ही समुद्री शेवाळाची खारट पूड असून तिचा बाटलीतल्या आंबवलेल्या कोम्बुचाशी काही संबंध नाही. सर्वांत जास्त जपायचे ते ओचाझुकेच्या पाकिटांना. ती भातावर टाकायची असतात. त्यांत मीठ, शेवाळ, तांदळाच्या कुरकुरीत गोळ्या आणि काही प्रकारांत मासाही असतो. शाकाहारी घरात असे पाकीट चहा समजून फोडले जाऊ नये, म्हणून ही खात्री पहिली.

चहाच आहे असे ठरल्यावर एक चमचा पत्ती पांढऱ्या बशीत पसरून दिवसाच्या उजेडात न्यावी. जपानी चहाचा गडद हिरवा रंग वाफेमुळे टिकतो. वसमत, कुरुंदा भागात हळद काढल्यावर आधी शिजवतात आणि मग वाळवतात, तसेच इथे पानाचे होते : पान खुडले की लगेच वाफ, त्यानंतर वळणे व सुकवणे. वाफेने पानातली विकरे निकामी होतात आणि पान काळे पडत नाही. चीनमधला बहुतेक हिरवा चहा वाफेऐवजी तापल्या कढईत परततात. त्याचा रंग पिवळसर आणि वास भाजका येतो. त्यामुळे गडद हिरवी, सुईसारखी पत्ती दिसली तर डबा जपानचा असण्याची शक्यता मोठी.

गडद, चकचकीत, सरळ, चपटसर, बोटांत मोडली की कट्‌कन तुटणारी पत्ती म्हणजे सेंचा. जपानमध्ये सर्वांत जास्त होणारा चहा हाच. त्याची आजची पद्धत उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये बसवली असे मानले जाते. सेंचाचाच एक प्रकार फुकामुशी. यात पान जास्त वेळ वाफवतात, त्यामुळे ते मऊ होऊन तुटते आणि डब्यात बारीक चुरा व पूड दिसते. हा चुरा पाहून चहा जुना किंवा हलका असल्याची शंका घेऊ नये. फुकामुशी मुद्दाम तसाच केलेला असतो. त्याचा अर्क गढूळ, दाट हिरवा उतरतो आणि तुरटपणा कमी असतो.

पत्ती निळसर झाक असलेली, अगदी गर्द, बारीक आणि घट्ट वळलेली असेल, डबा लहान असेल आणि उघडताच ओल्या समुद्री शेवाळाचा गोडसर वास आला, तर तो ग्योकुरो समजावा. हा भेटीचा सर्वांत मौल्यवान प्रकार. खुडणीआधी सुमारे २० दिवस मळ्यावर सावली धरतात. पानातले थियानीन हे चवीचे द्रव्य उन्हात कॅटेचिनमध्ये, म्हणजे तुरटपणात, बदलते; सावलीत हा बदल मंदावतो आणि पानात दाट, जिभेवर रेंगाळणारी चव साठते. थियानीन १९४९ च्या सुमारास ग्योकुरोच्याच पानातून वेगळे करण्यात आले. याहून कमी दिवस सावली दिलेला चहा काबुसेचा; तो सेंचा आणि ग्योकुरो यांच्यामधला, आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड.

पत्ती सरळ नसून स्वल्पविरामासारखी वळलेली असेल तर तामार्योकुचा. तो मुख्यतः क्यूशू बेटावर होतो. तिथेच कढईत परतलेला कामाइरीचाही थोडा होतो, तेव्हा भाजका वास आला म्हणून डबा लगेच चिनी ठरवू नये. फिकट हिरव्या, पिवळट काड्यांचे प्रमाण जास्त असेल तर तो देठांचा चहा, कुकिचा. यात भेसळ काही नाही. देठ वेगळे काढून मुद्दाम विकतात, आणि ग्योकुरोच्या देठांना चांगला मान आहे. हिरव्या पत्तीत तपकिरी तांदूळ आणि काही फुललेले पांढरे दाणे दिसले की गेन्माइचा, यात चूक होण्याची भीती नाही. सगळी पत्ती तपकिरी असेल आणि वास खमंग असेल तर होजिचा, म्हणजे भाजलेला चहा. मोठी, जाडीभरडी, चपटी पाने आणि काड्या असतील तर बांचा. क्योटोकडचा क्योबांचा तर वाळलेल्या पाल्यासारखा दिसतो आणि त्याला धुराचा वास असतो; खराब झाला म्हणून तो टाकून दिला जाण्याची भीती सर्वांत जास्त, आणि ते वाईट वाटण्यासारखे आहे.

डब्यात हिरवी पूड असेल तर चिमूटभर पूड थंड पाण्याच्या पेल्यात ढवळावी. विरघळून पाणी स्वच्छ राहिले तर तो झटपट चहा. पाणी गढूळ हिरवे होऊन थोड्या वेळाने तळाशी गाळ बसला तर दळलेले पान, म्हणजे माच्चा किंवा साधी फुन्मात्सुचा. माच्चाची पूड अतिशय मऊ आणि ठळक हिरवी. फुन्मात्सुचा सेंचा दळून करतात, ती जरा रखरखीत आणि अधिक तुरट लागते. जिभेवर गोड लागली तर साखर, दूधपूड घातलेले तयार मिश्रण आहे. माच्चा गाळायचा नसतो, तो घोटून पुडीसकट प्यायचा असतो.

यानंतर पाकिटाची मागची बाजू. जपानमध्ये तिथे चौकटीत माहिती छापतात : वस्तूचे नाव, घटक, वजन, उत्तम राहण्याची मुदत, साठवण आणि उत्पादक. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने ही चौकट टिपून उच्चार वाचावा. भाषांतरावर विसंबू नये, कारण ग्योकुरोसारख्या नावांचे यंत्राने केलेले भाषांतर दिशाभूल करते. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते. २६.०८.१० म्हणजे १० ऑगस्ट २०२६. आपल्या सवयीने वाचल्यास २६ ऑगस्ट २०१० होते आणि चांगला चहा शिळा ठरतो. कधी कधी सम्राटाच्या कालगणनेतले वर्ष असते : रेवा काल १ मे २०१९ ला सुरू झाला, म्हणून त्या आकड्यात २०१८ मिळवावेत. रेवा ८ म्हणजे २०२६. ही मुदत न उघडलेल्या पाकिटाची असते.

गावाचे नावही सांगते. उजी (क्योटो) असेल तर माच्चा, ग्योकुरो किंवा उत्तम सेंचा. यामे (फुकुओका) असेल तर ग्योकुरोची शक्यता वाढते. यामेच्या पारंपरिक ग्योकुरोला जपानने २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन दिले. वसमतच्या हळदीलाही असे मानांकन मिळाले आहे, तेव्हा अशा शिक्क्याचे मोल इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. शिझुओका आणि कागोशिमा ही सर्वाधिक उत्पादनाची नावे. त्यांवरून प्रकार ठरत नाही, पण सेंचा असण्याची शक्यता जास्त. ‘शिन्चा’ असे दिसले तर तो त्या वर्षीच्या पहिल्या तोडणीचा, वसंतातला चहा. तो ठेवून देऊ नये.

एवढे करूनही शंका राहिली तर पाणी निर्णय देते. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी बोअरचे पाणी जड आहे. त्याने चहाचा वास दबतो आणि रंग काळवंडतो. जपानचे पाणी बहुतांशी हलके, तिथला चहा त्याच्याच अंदाजाने केलेला असतो. म्हणून परीक्षेसाठी आरओचे पाणी घ्यावे. तापमापी लागत नाही : उकळलेले पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतले की दर वेळी साधारण १० अंशांनी उतरते. तीन वेळा ओतल्यावर ते ७० अंशांच्या आसपास येते. त्यातले अर्धा कप पाणी एक चमचा पत्तीवर घालून एक मिनिट थांबावे आणि गाळावे. स्वच्छ पिवळसर हिरवा अर्क, थोडी गोडी, थोडा तुरटपणा : सेंचा. त्याचे पाणी फार हिरवे नसते, हे ठाऊक नसल्याने लोक निराश होतात. गढूळ गर्द हिरवा : फुकामुशी. दाट, रस्स्यासारखी चव आणि तुरटपणा जवळजवळ नाही : ग्योकुरो, तो पुढच्या वेळी आणखी थंड, ५० ते ६० अंशांच्या पाण्यात, दोन मिनिटे ठेवावा. अर्क अगदीच फिका आणि मोकळा उतरला तर बांचा. बांचा, होजिचा आणि गेन्माइचा यांना मात्र उकळते पाणीच हवे. त्यांना कोमट पाणी दिले तर वास सुटत नाही. सेंचा आणि ग्योकुरोची पत्ती एकदा गाळून फेकू नये, दुसरे व तिसरे पाणीही चांगले उतरते.

ओळख पटवण्याचे आरोग्याशीही नाते आहे. जपानच्या अधिकृत अन्नघटक कोष्टकाप्रमाणे १०० मिलिलिटर ग्योकुरोत १६० मिलिग्रॅम कॅफीन असते, तेवढ्याच सेंचात २० आणि बांचात १०. ग्योकुरो घोटभरच पितात, ते यासाठीही. रात्री झोप न येणाऱ्या वृद्धांना तो देऊ नये, बांचा चालेल. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी कोणताही चहा जेवणासोबत घेऊ नये. वजन घटवण्याचे औषध म्हणून या चहाची जी जाहिरात होते तिच्या भरवशावर राहू नये; तो चवीसाठी प्यावा, तेवढे कारण पुरेसे आहे.

उन्हाळ्यात हिंगोलीचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता, उजेड, दमट हवा व मसाल्यांचा वास हे या चहाचे चार शत्रू. न उघडलेले पाकीट घट्ट पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. बाहेर काढल्यावर घरातल्या हवेइतके कोमट होईपर्यंत उघडू नये, नाही तर पत्तीवर दव धरते. उघडलेला डबा मिसळणाच्या डब्याजवळ ठेवू नये आणि महिन्याभरात संपवावा. माच्चा त्याहूनही लवकर.