इंग्रजी कशासाठी शिकलो?



आपल्या बॅचला इंग्रजी भेटली ती पाचवीत, चाररेघी वहीत. ही भाषा भंडाऱ्यापर्यंत कशी आली आणि कशासाठी, हे तेव्हा आपण कोणी विचारले नाही.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भंडाराही कंपनी सरकारकडे गेला. त्याच वर्षी चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला. सरकार आणि रयत यांच्यात इंग्रजी जाणणारा मध्यस्थ वर्ग हवा, असे मेकॉले १८३५ मध्येच म्हणाला होता. वुडच्या खलित्याने उच्च शिक्षण इंग्रजीत आणि सर्वसामान्यांचे देशी भाषांत, अशी वाटणी केली. सरकारला कारकून हवे होते, लोकांना नोकरी.

पण भाषा काही देणाऱ्याच्या हेतूला बांधलेली राहत नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. १८८२ मध्ये हंटर आयोगाला त्यांनी निवेदन दिले, तेही इंग्रजीतच. शेतकऱ्यांच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते. तो पैसा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, ही त्यांची मागणी. सरकारच्याच भाषेत त्यांनी सरकारला जाब विचारला.

आपल्या वर्गात मात्र काहींची शाळा इंग्रजीपाशीच सुटली. माझ्या बाकावरचा मित्र गणितात माझ्यापुढे होता. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि धानाच्या बांधीत उतरला. पुढे जमिनीचा वाद नागपूर खंडपीठापर्यंत गेला. निकालाचे कागद घेऊन तो माझ्याकडे आला. बांधी त्याची, निकाल त्याचा, आणि वाचून सांगणारा मी! मेकॉलेचा मध्यस्थ मला त्या दिवशी माझ्यातच दिसला.

२००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. चांगलेच झाले. पण वर्षे वाढवून काम भागत नाही. आपल्या नशिबाचा कागद आपल्याला वाचता यावा, एवढ्यासाठी इंग्रजी हवी. आणि वाचलेले समजायला आधी मराठी पक्की हवी. फाडफाड बोलता येणे ही पुढची गोष्ट.

मेळाव्याच्या शिल्लक निधीतून गावाकडच्या मुलांसाठी रविवारचा इंग्रजी वाचनवर्ग सुरू करावा, अशी माझी सूचना आहे. तो मित्रही मेळाव्याला येतो आहे. वर्ग कसा असावा, हे आधी त्यालाच विचारू.