गाडीचं इंजिन चालतं कसं? नवशिक्यांसाठी सोपी ओळख

साखळीहून बेळगावकडे येताना चोर्ला घाट लागतो. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी सुरू. अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा वर सरकू लागतो. नव्या अनेक गाड्यांत काटा नसतो, तिथे थेट लाल दिवाच लागतो. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर 'वर पोचल्यावर बघू' म्हणत गाडी तशीच रेटतात, नाहीतर खाली उतरून लगेच रेडिएटरचं झाकण उघडतात. पहिल्या चुकीत इंजिन जातं, दुसरीत हात-तोंड भाजतं. इंजिनाच्या आत काय चाललंय याची जुजबी माहिती असली तरी दोन्ही चुका टळतात. त्यासाठी मेस्त्री व्हायची गरज नाही.

विहिरीवरचं इंजिन आठवा

सीमाभागातल्या गावांत 'इंजिन' म्हटलं की जुन्या माणसांना विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवतं. हँडल मारून सुरू होणारं, डग-डग आवाज करणारं, बाजूला जड चाक असलेलं. त्यात एकच सिलिंडर असतो. मोटारीचं इंजिन म्हणजे तशीच तीन-चार यंत्रं एका साच्यात शेजारी शेजारी बसवलेली.

सिलिंडर म्हणजे लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातली गोल पोकळी. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनला खालून कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो आणि तो क्रँकशाफ्टला फिरवतो. सायकल चालवताना पाय वर-खाली होतात, पण पॅडल गोल फिरतं. तोच प्रकार इथे आहे.

चार पायऱ्या

आजच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन चार स्ट्रोकवर चालतं. जर्मनीच्या निकोलस ऑटो यांनी १८७६ मध्ये असं इंजिन यशस्वीपणे चालवलं. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

१. सक्शन : पिस्टन खाली जातो, व्हॉल्व्ह उघडतो, हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं.
२. कॉम्प्रेशन : पिस्टन वर येतो, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद. मिश्रण साधारण दहाव्या हिश्श्याइतकं दाबलं जातं.
३. पॉवर : स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो.
४. एक्झॉस्ट : पिस्टन पुन्हा वर येतो आणि जळालेला वायू सायलेन्सरकडे जातो.

चारपैकी ताकद देणारी पायरी एकच, तिसरी. बाकीच्या तिघींना रेटून नेण्याचं काम फ्लायव्हील करतं. विहिरीवरच्या इंजिनाला जड चाक असतं ते यासाठीच. मोटारीत तीन-चार सिलिंडर पाळीपाळीने पेटतात, त्यामुळे धक्के जाणवत नाहीत. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटत असतं.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सायकलीत हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, तसं इथे हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांचं असं इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरलं.

सीसी म्हणजे काय?

पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, ती सगळ्या सिलिंडरांची बेरीज म्हणजे सीसी. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं आणि ७९६ सीसीचं होतं. म्हणजे एका सिलिंडरला सुमारे २६५ सीसी, पाव लिटरपेक्षा थोडं जास्त.

हवेची गरज मात्र मोठी असते. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. एअर फिल्टर धुळीने चोंदला की पिकअप जातो, तो यामुळे.

खरा प्रश्न उष्णतेचा

पेट्रोलमधल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्साच कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतं तेव्हा तापमान क्षणभर २,००० अंशांच्या वर जातं. पिस्टन असतो अॅल्युमिनियमचा, आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही पिस्टन वर्षानुवर्षं टिकतो तो दोन गोष्टींमुळे : कूलंट आणि ऑईल.

कूलंट इंजिनाभोवती फिरून उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं. ते साधारण ९० अंशांच्या आसपास राहणं अपेक्षित असतं. ही व्यवस्था प्रेशर कुकरसारखी बंद असते. दाबामुळे १०० अंशांच्या वरही आतलं पाणी उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखंच ते आहे.

ऑईल धातूवर धातू घासू देत नाही आणि पिस्टनची उष्णताही वाहून नेतं. ऑईलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' हा विचार महागात पडतो. ऑईलचा दाब नसेल तर काही मिनिटांतच बेअरिंग खराब होऊ शकतात आणि इंजिन जाम होऊ शकतं.

घाटात काटा वर गेला तर

- एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि फॅन जोरात ठेवा. घाम निघेल, पण इंजिनाची काही उष्णता बाहेर पडेल.
- वळण टाळून सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हॅझर्ड दिवे लावा.
- किमान अर्धा तास थांबा. तोवर झाकणाला हात लावू नका.
- तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो.
- थंड झाल्यावर कूलंट भरा. अडचणीत साधं पाणी चालतं, पण नंतर गॅरेजमध्ये ते बदलून घ्या. साध्या पाण्याने आत गंज आणि क्षार धरतात.

गॅरेजची भाषा

'गाडी मिसिंग मारतेय' म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही. कारण प्लग किंवा कॉइलइतकं किरकोळ असू शकतं. 'ऑईल खाते' म्हणजे ऑईल सिलिंडरमध्ये शिरून जळतंय. तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. थंडीच्या सकाळी दिसणारी थोडी पांढरी वाफ नेहमीची असते, पण गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जळत असण्याची शंका घ्यावी.

'हेड गॅस्केट गेलं' हे जास्त तापल्याचं नेहमीचं फळ. तसं असेल तर अनेकदा ऑईलमध्ये पाणी मिसळून त्याचा रंग दुधाळ कॉफीसारखा होतो. 'इंजिन खोलावं लागेल' असं ऐकल्यावर गाडीमालकाने आधी डिपस्टिक दाखवायला सांगावी, धुराचा रंग बघावा आणि नेमका कुठला भाग गेला ते विचारावं. चांगला मेस्त्री या प्रश्नांवर रागावत नाही.

बेळगावला विषय परका नाही

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती बेळगावातच. पुढे लोखंडी नांगर आले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची. आज उद्यमबागेतल्या कारखान्यांत इंजिनाचे सुटे भाग तयार होतात. हे भाग बनवणारे हात जिथे घरोघरी आहेत, तिथे गाडी चालवणाऱ्याला बॉनेट उघडायची भीती वाटू नये.

सुरुवात कुठून करावी?

रविवारी सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागेवर असताना बॉनेट उघडा. मॅन्युअल जवळ ठेवा आणि चार गोष्टी शोधा : ऑईलची डिपस्टिक, कूलंटची टाकी, एअर फिल्टर, बॅटरी. डिपस्टिक पुसून परत घाला, पुन्हा काढा, ऑईल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. कूलंट टाकीवरच्या 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये हवं. घाटात जाण्याआधीच्या सकाळी हे पाच मिनिटांचं काम न चुकता करावं.