मुळशीचा 'व्हेदर': कायद्यात जागा नसलेला प्रश्न

इंग्रजीच्या पेपरात हमखास मार्क खाणारा प्रकार म्हणजे प्रश्नाचं इनडायरेक्ट स्पीच. आज तो मुळशीच्या इतिहासातून समजून घेऊ.

समजा, 1921 साली मुळशी पेट्यातले शेतकरी साहेबाला विचारतायत (वाक्य माझंच, उदाहरणापुरतं): "विल यू टेक अवर लँड?"

आता हे दुसऱ्याला सांगायचंय: "दे आस्क्ड द ऑफिसर व्हेदर ही वुड टेक देअर लँड." काय बदललं बघा. प्रश्नचिन्ह गेलं. 'विल यू'चा क्रम सरळ होऊन 'ही वुड' झालं. 'अवर'चं 'देअर' झालं. उत्तर हो किंवा नाही असणार, म्हणून मध्ये 'व्हेदर' आला, 'इफ'ही चालतो. पण प्रश्न 'हाऊ मच'ने सुरू झाला, तर तोच शब्द राहतो, 'व्हेदर' लागत नाही.

मराठीत आपण म्हणतो, "साहेब आमची जमीन घेणार का, असं त्यांनी विचारलं." 'आमची'ही राहिलं, 'का'ही राहिला.

आता खरी गोष्ट. टाटा कंपनीला मुंबईच्या विजेसाठी मुळा नदीवर धरण बांधायचं होतं. जमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्याने घ्यायच्या होत्या. त्या कायद्याच्या कलम 9 ची नोटीस शेतकऱ्याला सांगायची की जमिनीतला तुझा हक्क आणि भरपाईचा दावा मांड. म्हणजे 'हाऊ मच' विचारायची सोय होती. जमीन घ्यावी की नाही, हा 'व्हेदर' मांडून सुनावणी मागायचा हक्क मात्र नव्हता. मला वाटतं, मुळशीचं खरं दुखणं इथेच आहे.

मग तो प्रश्न धरणाच्या कामावरच जाऊन बसला. 16 एप्रिल 1921, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले.

1923 मध्ये कायद्यात कलम 5-अ आलं आणि संपादनालाच हरकत घेऊन सुनावणी मागता येऊ लागली. पण मुळशीचं धरण थांबलं नाही. गावं पाण्याखाली गेली.

तर परीक्षेत आधी एवढंच बघा: प्रश्न 'किती'चा आहे की 'का'चा? 'का'चा असेल, तर 'व्हेदर' विसरू नका. भेटू पुढच्या भागात!