दंतचक्रांची झीज आणि तिचे निदान : सातारा-सांगली परिसरातील यंत्रदेखभालीचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : जलवाहनांची चालक यंत्रणा)

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात सातारा व सांगली या जिल्ह्यांना महत्त्वाचे स्थान आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 'दक्षिण सातारा' हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास 'सांगली' हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांतील यंत्रोद्योगाचा विचार एकत्रितपणे करणे युक्त ठरते. किर्लोस्करवाडीची स्थापना, साताऱ्यातील कूपर यांचा कारखाना, सहकारी साखर कारखानदारी हे या इतिहासाचे ठळक टप्पे होत. मात्र हा इतिहास प्रामुख्याने निर्मितीचा इतिहास म्हणून मांडला जातो. यंत्र कोणी घडविले, कधी घडविले, त्यासाठी भांडवल कोठून आले, यांची चर्चा होते. ते यंत्र पुढे कसे झिजले, ती झीज कोणी व कशी ओळखली, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही.

वास्तविक, यंत्राचे आयुष्य निर्मितीपेक्षा देखभालीत अधिक जाते. विशेषतः पाण्यावर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत गिअरच्या दात्यांची झीज वेळीच ओळखणे हा प्रसंगी जीविताचा प्रश्न ठरतो. या परिसरात एकीकडे कोयनेचा शिवसागर जलाशय व दुसरीकडे कृष्णेचा महापूर अशी दोन भिन्न जलक्षेत्रे आहेत. या पार्श्वभूमीवर झीजनिदानाच्या ज्ञानाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. सातारा-सांगली परिसरात दंतचक्रांच्या झिजेचे ज्ञान कोणत्या परिस्थितीत विकसित झाले याचा शोध घेणे.
२. स्टर्न ड्राइव्ह व तत्सम जलवाहन यंत्रणांतील झिजेची कारणे व निदानपद्धती स्पष्ट करणे.
३. शिवसागर व कृष्णाकाठ येथील जलवाहनांच्या संदर्भात या ज्ञानाचे महत्त्व तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

उघडी चक्रे : चरकापासून साखर कारखान्यापर्यंत

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी बेळगाव येथे सायकलींच्या व्यवसायापासून सुरुवात करून पुढे लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार केली. १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल परिसरातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. नांगरापाठोपाठ तेथे उसाचे चरक व १९२६ पासून पंप तयार होऊ लागले. सातारा येथे सर धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये यंत्रनिर्मितीचा कारखाना सुरू केला. १९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या अल्पकालीन मंत्रिमंडळाचे नेतृत्व करणारे कूपर ते हेच. १९३३ मध्ये या कारखान्याने भारतातील पहिले डिझेल इंजिन तयार केल्याचे सांगितले जाते.

गुऱ्हाळावरील लोखंडी चरक हे ग्रामीण भागात दंतचक्राचा परिचय करून देणारे एक महत्त्वाचे यंत्र होय. चरकाची चक्रे उघडी असत व त्यांचा वेग मंद असे. दाता पातळ झाला, त्याची कड मोडली किंवा दोन दात्यांमधील ढिलेपणा वाढला, तर तो डोळ्यांना दिसे आणि हाताला जाणवे. त्यामुळे या काळातील निदान हे मुख्यतः दृष्टी व स्पर्श यांवर आधारलेले होते, असे म्हणता येईल.

१९५० व १९६० च्या दशकांत सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यावर या ज्ञानाला नवे क्षेत्र मिळाले. चरकाच्या जागी मोठे रोलर, क्राउन पिनियन व वेग कमी करणारे अवजड गिअरबॉक्स आले. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. साखर कारखान्याला गळीत हंगाम असतो आणि हंगाम संपल्यावर दुरुस्तीचा काळही असतो. या काळात मिल उघडली जाते, पिनियन तपासले जातात, दाते मोजले जातात आणि गेल्या वर्षीच्या स्थितीशी त्यांची तुलना करता येते. फिटर व मिस्त्री यांचे कौशल्य या वार्षिक चक्रात घडले. सांगली येथे १९४७ मध्ये सुरू झालेले व पुढे वालचंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराड येथील १९६० मधील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे याच परिसरात औपचारिक तंत्रशिक्षणाचीही सोय झाली.

बंद पेटी : स्टर्न ड्राइव्हची रचना

जलवाहनाच्या बाबतीत परिस्थिती भिन्न आहे. ओले एव्हिनरूड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आउटबोर्ड मोटर व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी केली. नौकेच्या मागील फळीवर बाहेरून बसविता येणारे हे इंजिन होते. १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटा कंपनीने 'अॅक्वामॅटिक' ही यंत्रणा बाजारात आणली. तिच्या विकासात अमेरिकन अभियंता जिम विन यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९६१ मध्ये 'मरक्रूझर' ही प्रतिस्पर्धी यंत्रणा आली. यात इंजिन नौकेच्या आत, तर चालक यंत्रणा मागील फळीबाहेर असते. यालाच स्टर्न ड्राइव्ह म्हणतात.

या रचनेत इंजिनाची शक्ती दोनदा काटकोनात वळते. वरच्या पेटीतील बेव्हल गिअर ती आडव्या दांड्यावरून उभ्या दांड्यावर आणतात व पाण्याखालच्या पेटीतील बेव्हल गिअर ती पुन्हा आडव्या दांड्यावर, म्हणजे पंख्याकडे, नेतात. पाण्याचा विरोध कमी राहावा म्हणून खालची पेटी शक्य तितकी सडपातळ ठेवावी लागते. परिणामी लहान दात्यांवर मोठा भार येतो. वेगवान नौका लाटेवरून उसळते तेव्हा पंखा क्षणभर पाण्याबाहेर येऊन मोकळा फिरतो आणि पुन्हा पाण्यात शिरताच दात्यांना जबर हिसका बसतो. मूळ यंत्रणा तीच ठेवून अधिक शक्तीचे इंजिन बसविल्यास हा ताण आणखी वाढतो.

या दात्यांचा पृष्ठभाग कठीण व गाभा तुलनेने मऊ ठेवलेला असतो. कठीण थर शाबूत असेपर्यंत झीज अत्यंत मंद असते. तो फुटला की ती झपाट्याने वाढते. म्हणून निदान थर फुटण्यापूर्वी होणे आवश्यक असते. परंतु चक्रे बंद पेटीत, तेलात बुडालेली व पाण्याखाली असल्याने चरकावर चालणारी डोळ्यांची परीक्षा येथे उपयोगी पडत नाही.

झीजनिदानाच्या पद्धती :

बंद पेटीचे निदान मुख्यतः तीन मार्गांनी होते.

पहिला मार्ग तेलाचा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मलमासारखा बारीक थर जमणे हे सामान्य घासणीचे लक्षण मानले जाते. लोखंडाचे चकचकीत पापुद्रे किंवा सुईसारखे कण आढळल्यास दात्यांचा वा बेअरिंगचा पृष्ठभाग सुटू लागला, असे समजावे. मोठा तुकडा सापडला तर दाताच तुटलेला असण्याची शक्यता असते. तेल काळे पडून जळका वास येणे हे अतिउष्णतेचे, तर तेल दुधाळ होणे हे ऑइल सीलमधून पाणी शिरल्याचे चिन्ह होय. पाणी तेलापेक्षा जड असल्याने नौका रात्रभर उभी राहिल्यास ते तळाशी बसते. सकाळी प्लग सैल करताच प्रथम बाहेर येणारे थेंब पुष्कळ काही सांगून जातात. १९४० च्या दशकात अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी तेलातील धातूंचे वर्णपटीय विश्लेषण सुरू केले व १९७० च्या दशकात तेलातील कणांचा आकार तपासणारी फेरोग्राफी पुढे आली. या आधुनिक पद्धतींमागील तत्त्वही हेच आहे.

दुसरा मार्ग आवाजाचा. २० दात्यांचे पिनियन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ५० फेरे घेते व दात्याला दाता सेकंदाला १००० वेळा भिडतो. सर्व दाते सारखे झिजले असल्यास या उंच पट्टीचा शीळ घातल्यासारखा स्वर वाढतो. एकच दाता दुखावला असेल तर प्रत्येक फेऱ्यास एक, म्हणजे सेकंदाला ५० ठोके पडतात व आवाज घरघरता होतो. १९६५ नंतर संगणकीय गणिती पद्धतींमुळे कंपनांचे असे पृथक्करण सुलभ झाले. अनुभवी मिस्त्री पेटीला स्क्रू ड्रायव्हरचे टोक व मुठीला कान लावून जे ऐकतो, तेही एक प्रकारचे पृथक्करणच होय.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष तपासणीचा. पेटी उघडल्यानंतर दात्यांवर निळा रंग लावून चक्र फिरवितात व स्पर्शाचा ठसा पाहतात. ठसा दात्याच्या मध्यभागी असावा. तो एका टोकाकडे सरकल्यास चक्रांची जुळणी चुकली, असे मानतात. दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजतात. पृष्ठभागावरील खड्डे हे थकव्याचे, ओरखडे हे तेलाचा थर तुटल्याचे आणि मुळाशी गेलेली तडा हे धक्क्याचे किंवा अतिभाराचे द्योतक असते. नादुरुस्त चक्र बदलून कारण तसेच राहू दिल्यास नवे चक्रही त्याच वाटेने जाते.

शिवसागर : अखंड वापरातील झीज

कोयना धरण सुमारे १०३ मीटर उंच असून शिवसागर जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पाणी अडविले गेले तेव्हा खोऱ्यातील गावे, शेते व पायवाटा पाण्याखाली गेल्या. अनेक कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर आदी जिल्ह्यांत स्थलांतरित झाली. जी काठावर व पलीकडच्या डोंगरउतारावर राहिली, त्यांच्यासाठी पाणी हाच रस्ता झाला. कोयना, सोळशी व कांदाटी या नद्यांच्या संगमावरील तापोळा आणि जावळी तालुक्यातील बामणोली ही या जलमार्गावरील प्रमुख ठिकाणे होत. बाजार, शाळा, दवाखाना व सरकारी कचेरी यांसाठी लाँच किंवा तराफा हेच साधन दीर्घकाळ राहिले.

लाँचच्या डिझेल इंजिनास वेग कमी करणारा व दिशा बदलणारा गिअरबॉक्स लागतो. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली की जुने बांध, खडक व पडक्या वास्तू वर येऊ लागतात. पंखा त्यांना घासला तर तो वाकतोच. शिवाय त्याचा हिसका दात्याच्या मुळापर्यंत पोहोचतो. पंखा बदलला जातो, परंतु दात्यातील तडा तशीच राहण्याचा संभव असतो. साखर कारखान्याप्रमाणे येथे दुरुस्तीचा हंगाम नाही. लाँच बंद ठेवणे म्हणजे गावाची वाट बंद ठेवणे होय. त्यामुळे झीज ओळखूनही फेरी चालू ठेवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. रुग्णाला घेऊन निघालेली लाँच भर जलाशयात बंद पडल्यास त्या मोहाची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे वेगळे सांगावयास नको.

याच जलाशयावर मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले. त्यामुळे वेगवान नौकांच्या देखभालीचा प्रश्न या परिसरात प्रत्यक्ष उभा राहिला आहे. आउटबोर्ड असो वा स्टर्न ड्राइव्ह, दोहोंच्या खालच्या पेटीत बेव्हल गिअरच असतात.

कृष्णाकाठ : न वापरण्यातील झीज

सांगली जिल्ह्यातील प्रश्न याच्या नेमका उलट आहे. कृष्णेने २००५, २०१९ व २०२१ या वर्षी मोठे पूर अनुभवले. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी यांत्रिक बोटी एकाएकी आवश्यक ठरतात. परंतु पुरासाठी राखून ठेवलेली बोट वर्षातील बहुतेक काळ उभीच असते.

उभ्या यंत्राची झीज होत नाही, हा समज चुकीचा आहे. रबरी सील कडक होतात, पेटीत शिरलेले पाणी तळाशी साचते आणि नेमक्या खालच्या दात्यांवर गंज धरतो. गंजाने पडलेला सूक्ष्म खड्डा हाच पुढील तडेचा आरंभबिंदू ठरतो. त्यात पुराच्या पाण्यातील ऊस, फांद्या, दोर व तारा पंख्यात गुंततात. पंख्यामागे गुंडाळलेला दोरा सील कापतो. म्हणजेच वर्षभर विसरलेल्या पेटीवर सर्वाधिक भार एकाच आठवड्यात येतो.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. या दुर्घटनेचा संबंध गिअरच्या झिजेशी जोडणे योग्य होणार नाही. तथापि, आपत्कालीन बोटीची सज्जता हा विषय पूर येण्यापूर्वीचा आहे, हे या घटनेने अधोरेखित केले. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाची आद्य वसाहत असलेली किर्लोस्करवाडी याच पलूस तालुक्यात आहे, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

निष्कर्ष :

१. या परिसरातील झीजनिदानाचे ज्ञान चरकाच्या उघड्या चक्रांपासून साखर कारखान्याच्या बंद गिअरबॉक्सपर्यंत विकसित झाले. त्याच्या वाढीस वार्षिक दुरुस्तीचा हंगाम कारणीभूत ठरला.
२. जलवाहनांना असा हंगाम लाभला नाही. शिवसागरावर विश्रांतीचा अभाव, तर कृष्णाकाठी वापराचा अभाव, हे झिजेचे कारण संभवते.
३. ड्रेन प्लगची तपासणी, तेलाचा नमुना व निळ्या रंगाचा ठसा या पद्धतींना मोठा खर्च लागत नाही. मे महिन्यात प्रत्येक आपत्कालीन बोटीची व ठरावीक तासांनंतर प्रत्येक लाँचची तपासणी करून तिची नोंदवही ठेवणे शक्य आहे.
४. सांगली व कराड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तेलपरीक्षणाचे कार्य आणि इतिहास विभागांनी वयोवृद्ध फिटर, मिस्त्री व लाँचचालक यांच्या मौखिक साक्षींच्या संकलनाचे कार्य हाती घेणे उपयुक्त ठरेल.

समारोप :

नांगर, चरक, पंप व इंजिन घडविणाऱ्यांची नावे या परिसराने आदराने जपली आहेत. त्या यंत्रांचा आवाज ऐकून त्यांचे दुखणे सांगणाऱ्यांचे ज्ञान मात्र कागदावर उतरण्याऐवजी बहुधा कार्यशाळेतच, एका हातातून दुसऱ्या हातात गेले. ते ज्ञान नोंदविले गेल्यास औद्योगिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन खुले होईल. शिवाय कांदाटी खोऱ्यातील प्रवाशाला व कृष्णाकाठच्या पूरग्रस्ताला त्याचा प्रत्यक्ष लाभ होईल, आणि हेच या अभ्यासाचे खरे प्रयोजन होय.