सिल्कस्टोनचा शिलालेख व कोळशाच्या खाणींचीं साधनें

मंडळाच्या त्रैमासिकांत दगडी कोळशाच्या खाणीविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस विस्मय वाटेल. सनदा, महजर, ताम्रपट व बखरी यांच्या चर्चेंत हा काळा दगड कोठून आला, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहणें स्वाभाविक आहे. आमचेंही मत कांहीं महिन्यांपूर्वीं असेंच होतें. परंतु गेल्या वर्षीं इंग्लंडांतील एक खाण-संग्रहालय व तेथून जवळच असलेला एक शिलालेख पाहण्याचा योग आला, आणि साधनें कोणतीं व टाकाऊ कागद कोणते यासंबंधीं आम्ही आजवर जें मानीत आलों, त्यांत एक मोठी उणीव आहे असें दिसून आलें. ती उणीव वाचकांपुढें मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमची कन्या नोकरीनिमित्त यॉर्कशायर परगण्यांतील लीड्स शहरीं राहते. तिच्या बिऱ्हाडीं मुक्काम असतां जामातांनीं आम्हांस वेकफील्डजवळच्या ओव्हरटन गांवीं नेलें. तेथें कॅपहाउस नांवाची जुनी कोळशाची खाण आहे. खाणींत उतरण्याची जी खोल विहीर, ती अठराव्या शतकाच्या अखेरची असून, पाळण्याचे दोर ज्या चाकांवरून जातात त्यांची लाकडी घोडी १८७६ सालची आहे. ही खाण १९८५ सालीं बंद झाली. १९८८ सालीं त्याच जागीं संग्रहालय उघडलें, व १९९५ सालीं त्यास राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला. दिवे, कुदळी, नकाशे इत्यादि वस्तु तेथें मांडलेल्या आहेत हें खरें. पण मुख्य प्रदर्शनीय वस्तु म्हणजे खुद्द खाणच होय.

खालीं उतरण्यापूर्वीं आगपेटी, दूरध्वनि, विद्युत्घटावर चालणारें घड्याळ, अशा ज्या ज्या वस्तूंपासून ठिणगी उडण्याचा संभव, त्या सर्व वर ठेवून द्याव्या लागतात. मग शिरस्त्राण व दिवा मिळतो, आणि त्यांबरोबर एक पितळी बिल्ला हातीं येतो. त्यावर आंकडा कोरलेला असतो. खाण चालू असतां मजूर उतरतांना बिल्ला घेऊन जाई व वर आल्यावर परत देई. कोणता बिल्ला परत आला नाहीं यावरून कोण आंत राहिला हें कळे. शिबंदीच्या हजिऱ्या वाचण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. परंतु माणूस जिवंत परतला कीं नाहीं एवढें एकच सांगणारी ही धातूची हजिरी आम्हीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती.

पाळण्यांतून सुमारें १४० मीटर, म्हणजे साडेचारशें फूट, खालीं गेल्यावर एका निवृत्त खाणमजुरानें आम्हांस वाट दाखविली. एके ठिकाणीं थांबून त्यानें सर्वांस दिवे मालविण्यास सांगितलें. त्या अंधाराचें वर्णन करण्याचा यत्न आम्ही करीत नाहीं. डोळे उघडे आहेत कीं मिटलेले हें हात लावून पाहावें लागलें, इतकें सांगितलें म्हणजे पुरे. दिवे पुन्हां लागले तेव्हां समोर एक लाकडी दार व त्यापाशीं बसलेल्या लहान मुलाची प्रतिमा दिसली. खाणींत हवा योग्य वाटेनें खेळावी म्हणून जागजागीं अशीं दारें असत. कोळशाची गाडी आली म्हणजे दार उघडावयाचें व ती गेली म्हणजे लगेच मिटावयाचें, या कामास पांच-सहा वर्षांपासून पुढचीं मुलें बसवीत. दिवसाचे बारा तास, व पुष्कळदां दिव्यावांचून. तें दार पाहून आमच्या मार्गदर्शकानें सिल्कस्टोनचें नांव घेतलें, व दुसरे दिवशीं आम्ही तेथें गेलों.

सिल्कस्टोन हें बार्न्सलीजवळील गांव. तेथें ४ जुलै १८३८ रोजीं जें घडलें तें संक्षेपानें सांगतों. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकास तेव्हां अवघे सहा दिवस झाले होते. आपल्याकडे त्या समयीं साताऱ्यास प्रतापसिंह महाराज गादीवर होते. दुपारीं गारांसह मोठा पाऊस झाला. हस्कर खाणींतील माणसें वर ओढणाऱ्या बाष्पयंत्राची भट्टी पाण्यानें विझली व पाळणा बंद पडला. सकाळपासून आंत असलेलीं मुलें वाट पाहून कंटाळलीं, भ्यालीं, आणि रानांत निघणाऱ्या एका तिरप्या भुयारानें बाहेर पडावें असें त्यांतील कित्येकांनीं ठरविलें. भुयाराच्या तोंडाजवळून एक ओहोळ वाहत असे. त्या दिवशीं तो फुगला होता. मुलें हवेचें एक दार ओलांडून पुढें गेलीं, इतक्यांत ओहोळ भुयारांत शिरला. लोंढ्यानें त्यांस मागें त्या दारावर लोटलें, व पाण्याच्या दाबापुढें दार कांहीं उघडेना. कांहीं मुलें वांचलीं. सव्वीस बुडालीं. त्यांत अकरा मुली व पंधरा मुलगे होते. सर्वांत लहान मूल सात वर्षांचें व सर्वांत मोठें सतरा वर्षांचें होतें.

गांवच्या चर्चच्या आवारांत १८४१ सालीं या मुलांचें स्मारक उभारण्यांत आलें. त्यावरील लेख आम्हीं उभ्यानेंच दोनदां वाचला. त्यांत सव्वीसही नांवें वयांसह कोरलेलीं आहेत. दगडावर राजाचें, दात्याचें, फार तर सूत्रधाराचें नांव पाहण्याची आम्हांस संवय. कोळशाची गाडी ओढणाऱ्या नऊ वर्षांच्या पोराचें नांव व वय शिलालेखांत असावें, हें आम्हांस अपूर्व वाटलें. परंतु लेखाचा आरंभ पाहिला म्हणजे दुसरी गोष्ट ध्यानांत येते. ही घटना म्हणजे परमेश्वराचा भयंकर प्रकोप, त्यानेंच मेघगर्जना, विद्युत्, गारा व पर्जन्य धाडिले, आणि पाण्याच्या आकस्मिक प्रवेशानें हे जीव निर्मात्यापुढें बोलाविले गेले, असा त्याचा आशय आहे. खाणीच्या मालकाचें नांव सन्मानदर्शक उपाधीसह आलें आहे. सात वर्षांचें मूल तेथें कां होतें, बाहेर पडण्यास दुसरी निर्भय वाट कां नव्हती, याविषयीं दगड मुका आहे.

ज्यांनीं प्रशस्ति वाचल्या आहेत त्यांस यांत नवल वाटावयाचें नाहीं. प्रशस्तिकार जय झाला तर तो राजाच्या भुजबळानें झाला असें लिहितो, आणि पराजय झाला तर दैवाकडे बोट दाखवितो अथवा मौन धरितो. बखरकारांचीही तीच रीत. म्हणूनच बखरींचा पडताळा समकालीन पत्रांशीं घेतल्यावांचून इतिहास लिहूं नये, असें कै. राजवाडे यांनीं बजाविलें. सिल्कस्टोनच्या शिळेचा पडताळा कोणत्या कागदाशीं घ्यावा? सुदैवानें तसा कागद आहे, व तो फार दूरचाही नाहीं.

लॉर्ड अ‍ॅशले यांच्या सूचनेवरून १८४० सालीं बालमजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यास एक समिति नेमण्यांत आली. तिचा खाणींसंबंधींचा अहवाल १८४२ च्या मे महिन्यांत छापून निघाला. समितीचे अधिकारी खाणींत स्वतः उतरले, आणि मुलांच्या जबान्या त्यांच्याच शब्दांत व नांवानिशीं लिहून घेतल्या. बार्न्सलीजवळच्या गॉबर खाणींत दार राखणारी आठ वर्षांची सारा गुडर हिची जबानी त्यांत आहे. आपण पहांटे चारला, कधीं साडेतीनलाही, खालीं जातों व सायंकाळीं पांच-साडेपांचाला बाहेर येतों. उजेड असला तर कधीं गातों, अंधारांत गाण्याचा धीर होत नाहीं. इतकें ती सांगते. ही जबानी व ती शिळा शेजारीं ठेवून वाचावी. शिळेच्या मतें मुलांस पावसानें मारिलें. जबानीवरून पावसाच्या पूर्वीं त्यांस तेथें कोणी व किती तास बसविलें तें कळतें. त्याच वर्षीं कायदा होऊन स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांस भूमीखालीं कामास लावण्याची मनाई झाली. दहा वर्षांच्या मुलास तरीही उतरतां येई, हेंही नमूद करणें अवश्य आहे.

शिळेची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तिनें नांवें राखिलीं, कागदानें कारण राखिलें. यांपैकीं एकच साधन उरतें तर आपणांस एक तर दैवकोपाची कथा मिळती, अथवा निनांवी मुलांची मोजदाद. पुढील कायद्यांचाही इतिहास असाच मृतांच्या याद्यांतून लिहिला गेला आहे. १८५० च्या कायद्यानें खाणीवरील मृत्यूची वर्दी सरकारास देणें बंधनकारक झालें. जानेवारी १८६२ मध्यें हार्टली येथें यंत्राची मोठी तुळई मोडून एकुलत्या एका विहिरींत पडली, वाट बुजली व २०४ माणसें मेलीं. त्यानंतर त्याच वर्षीं प्रत्येक खाणीस दोन वाटा असाव्या असा नियम झाला. १८७२ सालीं सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा सरकारांत जमा करण्याची सक्ति झाली, कारण जुन्या खाणींत पाणी सांचतें, आणि तें कोठें आहे हें ठाऊक नसलें तर शेजारीं खणणारा प्राणास मुकतो.

तो उद्योग तेथें आतां संपला आहे. १ जानेवारी १९४७ रोजीं खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९८४-८५ च्या वर्षभर चाललेल्या संपानंतर त्या झपाट्यानें मिटत गेल्या. डिसेंबर २०१५ मध्यें यॉर्कशायरांतीलच केलिंगली ही अखेरची मोठी खोल खाण बंद झाली, व सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस कोळशावर वीज करणारें शेवटचें केंद्रही थांबलें. उद्योग गेला तरी त्याचीं साधनें राहिलीं, कारण तीं कोणीतरी वेळीं उचलून ठेविलीं.

आतां आपल्या घरीं येऊं. कौटिल्यानें आकराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना, मळ, मुशी, कोळसे व राख या खुणांवरून पूर्वीं चाललेली खाण ओळखावी असें म्हटलें आहे. हा कोळसा लाकडाचा, हें उघड आहे. दगडी कोळशाचा उद्योग आपल्या देशांत इंग्रजी अमलांत सुरू झाला. १७७४ सालीं समनर व हीटली या दोघां इंग्रजांस वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारानें राणीगंज भागांत कोळसा काढण्याची परवानगी दिली. आपल्या मराठी मुलुखांत चांदा जिल्ह्यांतील वरोड्याची सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाली व १९०६ सालीं बंद झाली. वर्धेच्या खोऱ्यांत इतर खाणी पुढें पुष्कळ निघाल्या. १० डिसेंबर १९५४ रोजीं, नागपूर ही त्या वेळच्या मध्यप्रदेशाची राजधानी असतां, छिंदवाडा जिल्ह्यांतील न्यूटन चिखली खाणींत पाणी शिरून साठांहून अधिक मजूर बुडाले. २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादकडील चासनाळा येथें पाण्यानें भरलेल्या जुन्या खाणींतून लोंढा फुटला व पावणेचारशेंच्या सुमारास माणसें गेलीं. या घटनांचे आंकडे सरकारी यादींत सांपडतात. सव्वीस मुलांचीं नांवें घेऊन उभ्या असलेल्या त्या शिळेपुढें मात्र आमच्या मनांत आलें कीं, चिखलीच्या मृतांपैकीं एकाचेंही नांव आपणांस सांगतां येत नाहीं.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, सुटींत दप्तरें धुंडीत असतां, आम्ही चांद्याकडील एका गांवीं गेलों होतों. त्या घरीं मोडी कागदांचे पांच रुमाल निघाले. तिहींत वतनाचे कागद होते, ते आम्हीं नकलून घेतले. उरलेल्या दोहोंत त्या गृहस्थांच्या पणजोबांच्या हातचीं खाणीवरील हजिरीचीं टांचणें होतीं. नांव, गांव, दिवस, मजुरी, आणि क्वचित् नांवापुढें आडवी रेघ. यजमानांनीं हे कागद ठेवावे कीं टाकावे असें विचारलें. यांत इतिहास नाहीं, असें उत्तर आम्हीं दिलें. दोन वर्षांनीं पुन्हां गेलों तेव्हां ते दोन्ही रुमाल पाणी तापविण्याच्या बंबांत गेल्याचें कळलें. यजमानांचा त्यांत दोष नाहीं. आडव्या रेघेचा अर्थ काय, हा प्रश्नही त्या वेळीं आम्हांस सुचला नव्हता. कॅपहाउस येथें पितळी बिल्ला हातीं येतांच तो सुचला. आतां त्याचें उत्तर मिळावयाचें नाहीं.

याकरितां संग्राहक मित्रांस आमची विनंति आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या बाजूस ज्यांचें जाणें-येणें असेल, त्यांनीं वतनपत्रांबरोबर खाणींचेही कागद पाहावे. हजिऱ्या, मजुरीचे हिशेब, मजुरांच्या घरचीं पत्रें, दिव्यांचे व बिल्ल्यांचे आंकडे, आणि विशेषतः जुने नकाशे, जें सांपडेल त्याची निदान नोंद करावी. ते मोडींत असोत, हिंदींत असोत वा इंग्रजींत, त्यांची जात पाहूं नये. नकाशाच्या बाबतींत तर हें काम केवळ विद्येचें नाहीं, कारण आज गमावलेला कागद उद्यां कोणाच्या डोक्यावर पाणी होऊन येईल हें सांगवत नाहीं.

कॅपहाउसहून निघतांना बिल्ला परत द्यावा लागतो. आम्हीं दिला, व खिडकीआंतील माणसानें तो आपल्या आंकड्याच्या खिळ्यावर अडकविला. आमच्याकडील त्या दोन रुमालांतील माणसांसाठीं असा खिळा आम्हीं राखिला नाहीं. दुसऱ्या कोणीं राखिला असेल, तर त्यांनीं मंडळास अवश्य कळवावें.