चाकूच्या पात्याचे पोलाद

चाकूच्या पात्याचे पोलाद म्हणजे तापवून व थंड करून कठीण करता येणारे लोखंड आणि कार्बन यांचे मिश्रधातू होय. घडीच्या चाकूंसाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च प्रतीच्या पोलादांत एस३०व्ही, एम३९० आणि मॅग्नाकट यांचा समावेश होतो.

गुणधर्म

पात्याची पारख धार टिकणे, चिवटपणा (न तुटता वा कपची न उडता आघात सोसणे) आणि गंजरोध या तीन गुणांवरून केली जाते. पोलादातील कठीण कार्बाइड कण वाढले की धार अधिक टिकते. परंतु चिवटपणा घटतो व धार लावणे अवघड होते. त्यामुळे तिन्ही गुणांत सर्वश्रेष्ठ असे एकच पोलाद नाही.

पारंपरिक पोलाद

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात लोहार मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यांपासून विळे, कोयते व सुऱ्या घडवितात. या पोलादात कार्बन सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असतो. ते अतिशय चिवट असून साध्या दगडावर त्याला धार लावता येते; मात्र ते गंजते. चोपडा, यावल व रावेर या जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादक तालुक्यांत हा दोष विशेष जाणवतो, कारण केळीच्या चिकातील टॅनिनमुळे असे पाते काळे पडते.

उच्च प्रतीची पोलादे

यांपैकी बहुतेक पोलादे चूर्ण धातुतंत्राने बनवितात. वितळलेल्या धातूचे वायूच्या झोताने बारीक कण करून ते उष्णता व दाबाखाली एकसंध केले जातात. त्यामुळे कार्बाइड कण सूक्ष्म व सर्वत्र सारखे राहतात.

एस३०व्ही : अमेरिकेतील क्रुसिबल कंपनीने विकसित केलेले पोलाद. कार्बन १.४५, क्रोमियम १४ व व्हॅनेडियम ४ टक्के. तिन्ही गुणांत मध्यम समतोल.

एम३९० : ऑस्ट्रियातील बोहलर कंपनीचे पोलाद. कार्बन १.९ व क्रोमियम २० टक्के. धार दीर्घकाळ टिकते. चिवटपणा तुलनेने कमी.

मॅग्नाकट : धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी विकसित केलेले व २०२१ मध्ये बाजारात आलेले पोलाद. क्रोमियम केवळ १०.७ टक्के असूनही ते सहसा गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडत नाही. याउलट डी२ या पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के असूनही त्याचा बराच भाग कार्बाइडमध्ये जातो व पाते गंजू शकते. म्हणून केवळ टक्केवारीवरून गंजरोध ठरविता येत नाही.

उष्णतासंस्कार

लोहार ज्याला पात्यास ‘पाणी देणे’ म्हणतात, ती क्रिया पोलादाच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे. घडीच्या चाकूंची कठीणता सामान्यतः रॉकवेल सी मापनात ५८ ते ६२ असते. तापमान चुकल्यास महागडे पोलादही ठिसूळ किंवा मऊ राहते.

निवड

केळीची पिले कापण्यासारख्या, आघात सोसाव्या लागणाऱ्या कामास कमानपाट्याचे पोलाद योग्य ठरते. ठिबकच्या नळ्या, दोऱ्या व फळे कापण्यासाठी खिशात बाळगावयाच्या चाकूस गंजरोधक पोलाद सोयीचे असते. एम३९० सारख्या पोलादास साध्या दगडावर धार लावण्यास फार वेळ लागतो; त्यासाठी हिऱ्याच्या कणांची पट्टी वापरतात.